वेदीपासून नाशिकरोडपर्यंत

माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे बोलणे बंद होते, असे कोणालाही म्हणता आले नसते. लग्नात आम्ही शेजारी शेजारी उभे राहून फोटो काढून घेत होतो, दफनविधीला एकाच गाडीतून जात होतो, नाताळच्या सकाळी फोनवरून एकमेकांना शुभेच्छाही देत होतो. फक्त नाशिकच्या शरणपूर रोडजवळच्या आमच्या वडिलांच्या घरात आईच्या दफनानंतर तिने पाऊल ठेवले नव्हते, आणि नाशिकरोडला तिच्या घरी मी कामाशिवाय जात नव्हतो. ख्रिस्ती कुटुंबांतली भांडणे पुष्कळदा अशीच असतात. त्यांत शिवीगाळ नसते, कोर्टकचेरी नसते, आणि कोणी विचारलेच तर ‘प्रभूच्या कृपेने सगळे ठीक आहे’ असे उत्तर मिळते. अशा भांडणात समेट करायचा म्हणजे आधी भांडण आहे हे कबूल करावे लागते, आणि तेच फार जड जाते.

भांडण घराचे होते. शरणपूरची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीने वाळीत टाकलेली माणसे तिथे आली, अनाथ मुले आली, आणि अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेसुद्धा तिथेच शिकून मोठी झाली. आमचे पणजोबा भावकीने टाकलेल्यांपैकी होते. जमिनीचा वाटा सोडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस, असे त्यांचे वर्णन आमच्या घरात अभिमानाने केले जाई. त्यांच्याच नातवाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीच्या पैशांतून जवळच थोडी जागा घेऊन घर बांधले, आणि त्या घराच्या वाट्यावरून पुढच्या पिढीत बहीणभाऊ तुटले.

वडील मृत्युपत्र न करता वारले. ख्रिस्ती माणसाच्या अशा मिळकतीला 1925 चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जाते; मुलगा आणि मुलगी असा फरक त्यात नाही. म्हणजे आई, ताई आणि मी, तिघांचा एकेक तृतीयांश. परंतु वडिलांचे वर्ष व्हायच्या आधीच आईने आणि मामांनी ताईकडून हक्कसोडपत्रावर सही करून घेतली आणि आईने आपलाही हिस्सा माझ्या नावे केला. ताईला कोणी धमकावले नव्हते. पण नुकतेच वडील गेलेले, समोर आई बसलेली आणि मामा म्हणताहेत की लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या जागेवर डोळा ठेवू नये, अशा वेळी मुलगी सही करण्यावाचून दुसरे काय करणार? मुलीला वगळण्याची ही रीत आमच्या कायद्यात नव्हती. शास्त्रातही, मुलगा नसलेल्या सलोफहादाच्या मुलींना बापाचे वतन मिळावे, असा निवाडा मोशेच्या काळातच झालेला आहे. शेजारपाजारची रीत आम्ही सोयीची म्हणून उचलली होती, एवढेच.

मी तेव्हा नोकरीनिमित्त जळगावला होतो. कागद तयार झाल्यावर मला बोलावणे आले आणि मी येऊन सही केली. त्या कागदात माझा कावा नव्हता हे मी आजही म्हणतो, आणि तसे प्रामाणिकपणे म्हणता येणे हीच इतकी वर्षे माझी मोठी अडचण होती. ज्याचा दोष उघड आहे त्याला पश्चात्तापाचा रस्ता तरी दिसतो. ज्याची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आहे तो माणूस वाट पाहत बसतो, की समोरच्याचा गैरसमज एक दिवस आपोआप दूर होईल.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी शास्त्रवाचनाची पाळी सभासदांकडे येते. इस्टरपूर्वीच्या लेंटच्या दिवसांत एका रविवारी ती माझ्याकडे आली. भाग होता येशूच्या डोंगरावरील प्रवचनातला, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. तू आपले दान वेदीजवळ आणत असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तिथेच ठेव, जा, प्रथम भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. हा भाग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि माझ्या समजुतीत तो नेहमी रागावलेल्या माणसासाठी होता. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशात शांतपणे दाखवून दिले की वेदीपासून परत फिरायला सांगितलेला माणूस रागावलेला नाहीच. राग आहे तो घरी राहिलेल्या भावाच्या मनात. ज्याच्याविरुद्ध तो राग आहे त्याला उठून जायला सांगितले आहे, आणि तो राग वाजवी आहे की गैरवाजवी, याची चौकशी त्या वाक्यात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अंतराची. प्रभू हे गालीलात बोलत होता आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. मधले अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक, पायी तीन-चार दिवसांचे. गालीलातला एखादा शेतकरी तेवढी मजल मारून, अर्पणाचा पशू घेऊन वेदीपाशी पोहोचला आहे, तिथे त्याला भावाची आठवण होते, आणि त्याला सांगितले जाते की पशू तिथेच ठेव, घरी जा आणि मग परत ये. ऐकणाऱ्यांना ही आज्ञा अशक्य वाटली असेल, किंवा हसूही आले असेल. मी बाकावर बसून वेगळाच हिशेब करत होतो. शरणपूर रोडपासून नाशिकरोड जेमतेम दहा किलोमीटर. सीबीएसवरून सिटी बस मिळाली आणि द्वारका चौकात गाड्या अडकल्या नाहीत तर पाऊण तासाच्या आत माणूस बिटको चौकात उतरतो.

त्या दिवशी मी भोजन घेतले नाही. त्यात काही मोठे धैर्य नव्हते. मीच वाचलेले वाक्य ऐकून लगेच वेदीपुढे गुडघे टेकायला मला जमले नाही, इतकेच. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्या खोलीत, गाठले आणि थोडक्यात सगळे सांगितले. ते म्हणाले, “मग आज जाता का?” मी म्हणालो, “इस्टर होऊ द्या. सध्या तिच्याकडे परीक्षांचे दिवस आहेत, नातवंडे असतात. मी प्रार्थनेत ठेवतो, योग्य वेळ येईल.” त्यांनी मला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या फेलिक्स सुभेदाराची आठवण करून दिली. नीतिमत्त्व, संयमन आणि पुढचा न्याय यांविषयी कैदेत असलेल्या प्रेषित पौलाचे बोलणे ऐकून फेलिक्स घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली की तुला बोलावीन. नंतर तो त्याला वरचेवर बोलावत राहिला, त्याच्याशी बोलत राहिला आणि दोन वर्षांनी अधिकारावरून जाताना पौलाला तुरुंगातच ठेवून गेला. फेलिक्सने नाही कधीच म्हटले नव्हते.

दुपारी जेवणानंतर मी जी काही चालढकल केली तिचे वर्णन करण्यासारखे आहे, कारण तिच्यातली बरीचशी धार्मिक होती. आधी वाटले, ताईसाठी आठवडाभर उपास-प्रार्थना करावी आणि मग जावे. मग वाटले, एकट्याने न जाता मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन जावे, म्हणजे बोलणे नीट होईल. त्यासाठी मी पाळकसाहेबांना फोनही केला. त्यांनी मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम सांगितला, की आधी दोघांनीच एकांतात बोलायचे असते, साक्षीदार नंतर आणि मंडळी त्याहून नंतर. तो अध्याय ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उद्देशून आहे, पाचवा अध्याय दुसऱ्याला उद्देशून आहे. म्हणजे दोघांनाही निघायचा हुकूम आहे. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आले की आम्ही दोघांनीही तो त्याच दिवशी पाळला असता तर साधारण द्वारकेच्या चौकात आमची गाठ पडली असती.

सगळ्यांत मजबूत अडथळा मात्र धार्मिक नव्हता. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका वकिलांना मी सहज विचारले होते. त्यांनी सांगितले की हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, ते रद्द करून मागायची मुदत तीन वर्षांची असते, ती केव्हाच उलटली, तेव्हा तुम्ही निर्धास्त असा. त्या सल्ल्याने मला खरोखर निर्धास्त केले होते. डोंगरावरच्या प्रवचनात मात्र पुढचेच वाक्य आहे की वादीबरोबर वाटेत असतानाच लवकर समेट कर, नाहीतर तो तुला न्यायाधीशाच्या हाती देईल. माझ्या वादीला आता मला कोणत्याही न्यायाधीशाच्या हाती देता येणार नव्हते. कायद्याने तिची वाट बंद केली होती, आणि म्हणूनच चालत जायचे असेल तर ते मलाच जायला हवे होते. हे लक्षात आल्यावर मला कारणे सुचेनाशी झाली. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात कवी म्हणतो की तुझ्या आज्ञा पाळायला मी त्वरा केली, विलंब लावला नाही. मला त्या दुपारी या कवीचा थोडा रागच आला. त्याला विचार करायला वेळ दिला असता तर त्याचेही काय झाले असते कोण जाणे. घाईचा खरा उपयोग बहुधा हाच असावा, की मनाला आपली बाजू मांडायला सवड मिळू नये.

पत्नीला मी ताईकडे जाऊन येतो एवढेच सांगितले. सगळे सांगितले असते तर त्या दिवशी निघणे झाले नसते. त्याची किंमत पुढे द्यावी लागली, ते खाली येईलच. बस थांब्यावरून ताईला फोन केला, कारण अचानक दारात उभे राहून माणसाला पेचात पकडणे मला बरे वाटत नव्हते. ती म्हणाली, “ये.”

दार तिनेच उघडले. “आज काय, रस्ता चुकलास?” दाजी टीव्हीपुढे बसले होते, ते प्रेसमधून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ आहेत. माझा चेहरा पाहून ते टीव्ही बंद करून आत जाऊ लागले, पण ताईने त्यांना बसवून घेतले. म्हणजे एकांताचा क्रम तिथेच मोडला, आणि ते बरेच झाले. मी बसमध्ये जुळवलेले वाक्य म्हटले, “ताई, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे हे मला माहीत आहे. ते ऐकायला आलो आहे.”

“आज कळलं?”

“कळलं होतं. आज आलो.”

त्यानंतर ती बोलू लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. पण एक गोष्ट लिहितो, कारण ती मला अगदी अनपेक्षित होती. “त्या दिवशी सह्या झाल्यावर तू पहिली गोष्ट काय बोललास, आठवतं? तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, आता सवाचारची गाडी मिळेल.” मला हे मुळीच आठवत नव्हते, अजूनही आठवत नाही. कागदाचे, कायद्याचे, मामांचे उत्तर माझ्याकडे तयार होते. या वाक्याचे नव्हते. मी म्हणू लागलो की त्या वेळी जळगावला रजा मिळत नव्हती, साहेब कडक होते. तेव्हा दाजी प्रथमच बोलले, “ऐकायला आलात ना?” मी गप्प बसलो. समेटाला जाणाऱ्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी दाजींचे हे वाक्य सांगेन. आपली बाजू मांडण्याची वेळ येते, पण ती पहिल्या दिवशी येत नाही आणि ती ठरवणारे आपण नसतो.

शेवटी मी विचारले की माझ्याकडून काय व्हावे अशी तिची इच्छा आहे. मनातून मला वाटत होते की ती म्हणेल, मला काही नको रे, तू आलास यातच सगळे आले. अशा प्रसंगांच्या ज्या साक्षी आपण प्रार्थनासभांतून ऐकतो त्यांत असेच होते. ताई म्हणाली, “मला माझा वाटा पाहिजे. निम्मा.” मी म्हणालो, आपण प्रार्थना करू या का. ती म्हणाली, “प्रार्थना नको. आधी कागद.” आणि मी उठताना थोड्या मऊ आवाजात तिने आणखी एक वाक्य जोडले, “टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंना सावरायला वर्षं लागली. मला एका दुपारी जमायला पाहिजे असं नाही.” तिने इतिहास बरोबर सांगितला होता. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला; लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग आपल्या पावलांनी परत गेल्या.

परतीच्या बसमध्ये मी निराश होतो, रागावलोही होतो. प्रार्थनेला नाही म्हणणारी बहीण! तिच्या मंडळीच्या पाळकांनी तिला क्षमेविषयी चार शब्द सांगितले तर बरे, असेही मनात येऊन गेले. हा विचार मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण तो आपल्याकडे फार चालतो. ज्याने सोसले त्याच्याकडे जाऊन ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा केली पाहिजे’ असे सांगणे सोपे असते, आणि ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याला त्यामुळे ती ठेवून घेता येते. शास्त्रात मात्र समेटाच्या बाजूला हिशेब मांडलेला दिसतो. लेवीय पुस्तकात, फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा आणि मग दोषार्पण आणायचे, असा क्रम आहे. जक्कय नावाचा जकातदार झाडावरून त्वरेने खाली उतरला आणि प्रभूपुढे उभे राहून, ज्यांना लुबाडले त्यांना परत देण्याचा त्याने चौपटीचा आकडा सांगितला. पौलाने फिलेमोनाला त्याच्या अनेसिम नावाच्या दासाविषयी लिहिताना, त्याने तुझे काही बुडवले असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी ते फेडीन, असे आपल्या हाताने लिहून दिले. ‘आधी कागद’ हे ताईचे म्हणणे त्यामानाने पुष्कळच शास्त्रशुद्ध होते.

खरी कठीण वाट पुढे घरात होती. सगळी हकिगत ऐकल्यावर पत्नी बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने विचारले, “सासूबाईंचं शेवटची तीन वर्षं अंथरुणातलं कोणी केलं?” तिने केले होते, एकटीने. तिचे म्हणणे असे की आईने आपला तृतीयांश मला दिला तो या सेवेच्या भरवशावर दिला, आणि तो परत वाटायचा असेल तर तिला न विचारता मी नाशिकरोडला जाऊन बसणे हा तिच्यावर अन्याय आहे. मी काही कबूल करून आलो नव्हतो, पण गेलो होतो हे खरे. मुलाचे म्हणणे वेगळे होते. शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहते आहे, पुनर्विकासाचे कोणी विचारले तर एका नावाची मालकी असणे सोयीचे, आणि आत्याचा दावा कायद्याने संपलेला आहे. मुलाशी मी वाद घातला, पत्नीशी घातला नाही. ताबडतोब आज्ञा पाळण्याच्या उत्साहात माणूस पुष्कळदा दुसऱ्याच्या खिशातून दान करतो. माझ्या आज्ञापालनाचा निम्मा खर्च तिच्यावर पडणार होता, तेव्हा तिचा होकार मिळेपर्यंत थांबणे मला फेलिक्ससारखे वाटले नाही. दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण साधी होती. थांबलेल्या काळात मी ताईला दर आठवड्याला फोन करून बोलणे कुठवर आले ते सांगत होतो. तो फोन चुकवावासा वाटला की समजावे, आता टाळाटाळ सुरू झाली.

याच काळात भोजनाचा प्रश्न पुन्हा आला. मी पुढच्या महिन्यातही बाकावरच बसलो, तेव्हा पाळकसाहेबांनी मला 1662 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातली एक सूचना दाखवली. आम्ही ज्या चर्चसंघटनेत आहोत ती उत्तर भारतीय मंडळी 1970 साली स्थापन झाली, पण नाशिकची जुनी उपासना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाची, त्यामुळे ते पुस्तक आमच्या पूर्वजांच्या हाताखालचे. ज्या दोघांमध्ये वैर आहे असे पाळकाला दिसेल त्यांना समेट होईपर्यंत भोजनास येऊ देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. आणि पुढे असेही की दोघांपैकी एक जण मनापासून क्षमा करायला आणि भरपाई करायला तयार असेल आणि दुसरा हट्टाने नाकारत असेल, तर तयार असलेल्याला येऊ द्यावे, हट्टी माणसाला नाही. पाळकसाहेबांचा हेतू मला मोकळे करण्याचा होता. मला मात्र तो नियम आमच्या बाबतीत उलटा पडताना दिसत होता. मी एक दुपार घालवून ‘तयार’ ठरणार आणि वर्षानुवर्षे वाट्यावाचून राहिलेली ताई ‘हट्टी’ ठरणार! पौलाने रोमकरांना लिहिले आहे की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. माझ्याकडून होईल तितके अजून झालेले नव्हते. मी थांबलो. माझ्या जागी दुसरा कोणी भोजन घेता तर मी त्याला दोष दिला नसता.

पत्नीने शेवटी स्वतःच ताईला घरी बोलावले. त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि मला बाहेर बसायला सांगण्यात आले. मला कळले ते इतकेच की ताईने सेवा केल्याचे मान्य केले, त्याबद्दल आभारही मानले, पण त्या सेवेचा मोबदला आपल्या वाट्यातून कापायला नकार दिला. आणि पत्नीने वरचा मजला, जो आम्ही दोघांनी पुढे कर्ज काढून बांधला, तो वाटणीत धरायला नकार दिला. तळमजला आणि जागा यांत ताईचा निम्मा अविभक्त हिस्सा, वरचा मजला आमचा, असे ठरले. वकिलांच्या हिशेबाने तिला तृतीयांशापेक्षा जास्त गेले. लेवीय पुस्तकातल्या पाचव्या हिश्शाच्या हिशेबानेही जास्तच गेले, पण तो हिशेब मी घरात बोलून दाखवला नाही.

कागदाची वाट सरळ नव्हती. एकदा नोंदवलेले हक्कसोडपत्र आम्ही दोघांनी ठरवले म्हणून पुसता येत नाही, तेव्हा मला नव्याने बक्षीसपत्र करून द्यावे लागले. स्वतःच्या मुलाला किंवा नातवंडाला राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. सख्ख्या बहिणीला ती सवलत नाही, म्हणून सरकारी बाजारमूल्यावर शुल्क भरावे लागले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन साक्षीदार, अंगठ्यांचे ठसे, फोटो, ही सगळी प्रक्रिया टोकन घेऊन झाली. तिथे दस्त वाचून दाखवताना एक कलम माझ्या ध्यानात आले. बक्षीस देणाऱ्याने दिले एवढ्याने ते पुरे होत नाही. घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते, आणि तेही देणारा जिवंत असताना. ताईने स्वीकारत असल्याची सही केली. देवाने ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट केला असे करिंथकरांना सांगितल्यावरही पौल पुढे विनवणी का करतो, की तुम्ही देवाशी समेट करा, हे मला पूर्वी नीट उलगडत नसे. माझ्यापुरते ते त्या काउंटरपाशी उलगडले.

सह्या झाल्यावर मी घड्याळ पाहिले नाही. ताईने मात्र पाहिले आणि म्हणाली, “चल, मला पाचच्या आत घरी पोहोचायचंय.” आम्ही दोघेही हसलो, पण त्याला लगेच समेट म्हणायची माझी तयारी नाही. आज्ञा पाळणे माझ्या हाती होते आणि ते एका दुपारी सुरू करता आले. समेट दोघांचा असतो आणि त्याचा वेग ताईच्या हाती आहे. त्या महिन्यात मी भोजन घेतले. ताई तिच्या मंडळीत घेते की नाही, हे मी विचारलेले नाही. त्या दिवशी नाकारलेली प्रार्थना आम्ही एकत्र अजून केलेली नाही, आणि मी ती सुचवतही नाही. तिला वाटेल तेव्हा ती म्हणेल.

सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मिळकत पत्रिकेवर तिचे नाव लागायला वेळ लागला, पण लागले. तिने आपल्या वाट्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे ठरवले आहे. माझे म्हणणे, कुटुंब असलेला भाडेकरू हवा. तिचे म्हणणे, जवळच्या कॉलेजची मुले जास्त भाडे देतात. पत्नी या बाबतीत ताईच्या बाजूने आहे. या रविवारी उपासनेनंतर ताई रंगाऱ्याला घेऊन येणार आहे, आणि खोल्यांच्या रंगाचा खर्च कोणी करायचा याबद्दल आमचे अद्याप एकमत झालेले नाही.